विजेच्या गाडीची निगा : एका तालुक्याच्या गावातून

विजेवर चालणाऱ्या मोटारीबद्दल आपल्याकडे एक वाक्य फार लवकर रूढ झाले : ‘हिला काही लागतच नाही.’ विकणारा ते सांगतो, घेणारा शेजाऱ्याला सांगतो आणि शेजारी पानठेल्यावर सांगतो. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाही, क्लचप्लेट नाही, सायलेन्सर नाही. आमच्या बाभुळगावात एका जुन्या मेकॅनिकने अशा गाडीचे बॉनेट उघडून पाहिले आणि विचारले, “भाऊ, याच्यात इंजिनच नाही, तं बिघडन काय?” प्रश्न थट्टेचा वाटला तरी त्यात काळजी होती. बिघडणारच नसेल, तर त्याने उद्या काय करायचे?

ते वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. विजेच्या गाडीची देखभाल नाहीशी झालेली नाही, तिची जागा बदलली आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत ती कानाला आणि नाकाला कळे. आवाज बदलला, धूर काळा झाला, जमिनीवर तेलाचा डाग पडला की गाडी दुकानात जाई. विजेच्या गाडीत ती उन्हात, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, घराच्या अर्थिंगमध्ये आणि गाडी उभी असतानाच्या वेळात गेली आहे. तिथे ती दिसत नाही, म्हणून नाही असे वाटते. मी अभियंता नाही. शेतपंपांच्या मोटारी, त्यांचे जळणे आणि त्यांची दुरुस्ती यांच्या नोंदी ठेवता ठेवता या विषयापर्यंत आलो. यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरच्या, काळ्या जमिनीच्या आणि कडक उन्हाळ्याच्या या तालुक्यात विजेच्या गाडीची निगा म्हणजे नेमके काय, हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

यंत्र कमी, जनावर जास्त

आधी गाडीत काय आहे ते पाहू. तळाशी बॅटरीचा चपटा पेटारा असतो. त्यात साठलेली वीज एकदिश असते. इन्व्हर्टर तिचे तीन फेजच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करतो आणि त्या विजेवर मोटर फिरते. मोटर मिनिटाला दहा हजारांहूनही अधिक फेरे घेऊ शकते. चाकाला इतके फेरे नको असतात, म्हणून मध्ये वेग कमी करणारा एकच गिअर असतो. त्यात तेल असते आणि ते कंपनीने सांगितलेल्या अंतराला तपासावे लागते. बऱ्याच गाड्यांत बॅटरी, मोटर आणि इन्व्हर्टर थंड ठेवण्यासाठी कूलंट फिरते. त्यात नळाचे पाणी घालून चालत नाही, सांगितलेल्याच प्रतीचे कूलंट लागते. बाकी ब्रेक, टायर, सस्पेन्शन, एसी आणि वायपर नेहमीच्या गाडीसारखेच.

म्हणजे ‘काही लागत नाही’ हे फक्त इंजिनापुरते खरे. आणि इंजिनाच्या जागी जी बॅटरी आली, ती इंजिनासारखी वागत नाही. इंजिन लोखंड आहे. महिनाभर बंद ठेवले तरी त्याची झीज जवळपास होत नाही, ते झिजते चालल्याने. बॅटरी चालल्याने झिजते तशी नुसती उभी राहूनही झिजते. तिच्या आत रासायनिक क्रिया सतत चालू असतात. तिला अति ऊन सोसत नाही, उपाशी ठेवलेले सोसत नाही आणि पोट तुडुंब भरून दुपारभर उन्हात उभे केलेलेही सोसत नाही. ज्यांच्या घरी बैल होते त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. गोठ्यात बांधून ठेवला म्हणून बैल म्हातारा व्हायचा थांबत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळणाऱ्या माणसाला निगा आणि दुरुस्ती यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. खांदा सुजल्यावर करतात ती दुरुस्ती. सुजू नये म्हणून करतात ती निगा. बॅटरीच्या बाबतीत दुरुस्ती फार महाग आणि फार दूर असते, त्यामुळे सारा भर निगेवर येतो.

ऊन

लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली, जपानमध्ये. तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज आपल्या रस्त्यांवरच्या मोटारींत तिचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एकात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असते, त्याला एनएमसी म्हणतात. दुसऱ्यात लोह आणि फॉस्फेट असते, तो एलएफपी. हा दुसरा प्रकार १९९७ साली टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या गटाने जगापुढे मांडला आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते अक्षय पाढी, म्हणजे भारतीय नाव. एलएफपी वजनाच्या मानाने थोडी कमी वीज साठवते, पण उष्णतेत अधिक स्थिर राहते आणि अधिक वेळा चार्ज होऊ शकते. विदर्भासारख्या प्रदेशात हा गुण मोलाचा आहे. म्हणून गाडी घेताना रंगाआधी बॅटरीचा प्रकार विचारावा.

दोन्ही प्रकारांत म्हातारपण येते ते साधारण एकाच वाटेने. सेलच्या ऋण टोकावर एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो आवश्यकही आहे, कारण तो आतल्या द्रवाला टोकाशी थेट भिडू देत नाही. पण तो हळूहळू जाड होत जातो आणि जाड होताना उपयोगी लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. जितके लिथियम अडकले तितकी बॅटरीची धारणशक्ती कमी झाली. हा थर वाढण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. बॅटरीला २५ अंश सुखाचे मानले, तर ४५ अंशांत हा वेग ढोबळमानाने चौपट धरावा लागेल. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५ ला टेकतो. टिनाच्या शेडखाली हवा त्याहूनही तापते.

दुसरी गोष्ट बॅटरी किती भरलेली आहे ही. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सर्वांत जास्त असतो आणि त्या दाबाखाली अनावश्यक क्रिया अधिक होतात. ऊन आणि पूर्ण चार्ज हे दोन्ही एकत्र आले की नुकसान सर्वाधिक होते. त्यावरून उन्हाळ्याचे नियम आपोआप निघतात.

संध्याकाळी गाडी घरी आल्याबरोबर चार्जिंगला लावू नये. दिवसभर तापलेल्या बॅटरीला आधी निवू द्यावे. चार्जिंगची वेळ अशी ठेवावी की ते पहाटे संपेल आणि त्यानंतर लवकरच गाडी बाहेर पडेल. गावात पहाटेची वेळ सर्वांत थंड असते आणि बहुतेक घरे झोपलेली असल्यामुळे व्होल्टेजही बरे मिळते. रोजचे जाणे-येणे चाळीस-पन्नास किलोमीटरचे असेल तर एनएमसी बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरावी. पंधरा दिवस गावाला जायचे असेल तर ती निम्म्याच्या आसपास ठेवून सावलीत उभी करावी. पाच टक्क्यांवर सोडून महिनाभर विसरणे मात्र सर्वांत वाईट. खोल उपासातून बॅटरी नेहमीच उठते असे नाही.

एलएफपीच्या बाबतीत एक अपवाद आहे आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एलएफपी सेलचे व्होल्टेज वीस टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत जवळपास सपाट राहते. टाकीतला फुगा मध्येच अडकावा आणि पाणी किती आहे ते कळू नये, तशी गाडीच्या संगणकाची स्थिती होते. तो आत गेलेल्या-बाहेर आलेल्या विजेचा हिशेब ठेवून अंदाज करतो आणि हिशेबातली चूक साठत जाते. पूर्ण भरल्यावर व्होल्टेज एकदम चढते, तेव्हाच त्याला खात्रीची खूण मिळते. पेटाऱ्यातल्या शंभरेक सेलना एका पातळीवर आणण्याचे कामही प्रामुख्याने तेव्हाच होते. म्हणून अशा गाड्यांच्या पुस्तिकेत ठरावीक काळाने १०० टक्के चार्ज करायला सांगितलेले असते. तो सल्ला पाळावा, फक्त पूर्ण भरून दुपारभर उन्हात ठेवू नये.

जलद चार्जिंगचा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर शाळेतल्या सूत्रात आहे : तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३२० व्होल्टची बॅटरी घरी ३ किलोवॅटने भरली तर साधारण ९ अँपिअर प्रवाह जातो. रस्त्यावरच्या ३० किलोवॅटच्या चार्जरवर तो दहापट होतो. प्रवाह दहापट म्हणजे दर सेकंदाची उष्णता शंभरपट. वेळ एक दशांश लागतो, तरी एकूण उष्णता दहापट राहते. प्रवासात जलद चार्जिंग जरूर करावे, ती सोय त्यासाठीच आहे. पण मे महिन्यात नागपूरहून गाडी पळवत आणून तापलेल्या बॅटरीला लगेच तिथे जोडणे टाळता आले तर टाळावे.

भिंत आणि जमीन

विजेच्या गाडीची अर्धी निगा गाडीबाहेर आहे, असे मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पण ३० युनिटची बॅटरी ३ किलोवॅटने भरायला दहा तास लागतात. घरातले दुसरे कोणते उपकरण दहा तास सलग इतका भार घेते? मिक्सर पाच मिनिटे चालतो, गिझर वीस मिनिटे. ज्या सॉकेटने आयुष्यभर मिक्सर चालवला त्याला रात्रभर मोटार चालवायला सांगितले, तर सैल झालेल्या पितळी पाकळ्या तापतात, प्लास्टिक पिवळे पडते आणि शेवटी वितळते. चार्जिंग सुरू होऊन तासभर झाल्यावर प्लगच्या भोवती हाताने चाचपून पाहावे. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवून वायरमनला बोलवावे. मीटरपासून स्वतंत्र, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी एवढी व्यवस्था सुरुवातीलाच करून घ्यावी. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च क्षुल्लक आहे.

यापेक्षा गंभीर गोष्ट अर्थिंगची. चार्जिंगच्या केबलवर जी डबी असते ती वीज सोडण्याआधी अर्थ आहे की नाही हे तपासते आणि नसेल तर लाल दिवा लावून थांबते. लोकांना वाटते चार्जर खराब आहे. बहुतेक वेळा चार्जर शहाणा असतो आणि घर आजारी असते. गावातल्या कित्येक घरांत तीन पिनच्या सॉकेटची तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते. जिथे जोडलेली असते तिथेही आमची जमीन घात करते. काळी माती पावसाळ्यात ओली असताना विजेला चांगली वाट देते. पण चैत्र-वैशाखात ती आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पुरलेल्या पाइपापासून माती सुटते. जुलैमध्ये व्यवस्थित चालणारे चार्जिंग एप्रिलमध्ये अडते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. उपाय आपल्या आजोबांच्या काळापासूनचा आहे : अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ नीट भरलेले असावे आणि उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी घालावे. भारतीय मानक आयएस ३०४३ हे अर्थिंगचेच आहे, चांगल्या वायरमनला ते ठाऊक असते.

वाईट उपाय मात्र फार सोपा आहे आणि तो सर्रास केला जातो. सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून टाकतात. डबी फसते, हिरवा दिवा लागतो, चार्जिंग सुरू होते. आता कल्पना करा, वादळात खांबावरून येणारी न्यूट्रल तार तुटली. घरातल्या चालू दिव्या-पंख्यांमधून फेजची वीज त्या तुटलेल्या न्यूट्रलवर येते, तिथून अर्थच्या पिनवर आणि तिथून थेट गाडीच्या पत्र्यावर. ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून जो दाराला हात लावील, त्याच्या शरीरातून ती जमिनीत जाईल. गाडी बिघडण्याचा हा प्रश्न नाही, जिवाचा आहे. असा जुगाड कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे, पण सॉकेट उघडू देऊ नये.

न वापरल्याने बिघडणारे भाग

विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटर जनित्र होते, चाकांची गती विजेत बदलून बॅटरीत परत पाठवते आणि गाडी मंदावते. मुंबईच्या लोकल गाड्यांतही ब्रेक लावताना वीज अशीच तारेत परत जाते. याचा फायदा असा की ब्रेकची पॅडे फार दिवस टिकतात. तोटा असा की ती फार दिवस वापरलीच जात नाहीत. पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो, कॅलिपरच्या पिना जाम होतात आणि ज्या दिवशी खरोखर करकचून ब्रेक लावायचा, त्या दिवशी गाडी एका बाजूला ओढते. म्हणून आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, चार-पाच वेळा ठामपणे ब्रेक दाबावा. वर्षातून एकदा पिना साफ करून घ्याव्यात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. पॅडे झिजली नाहीत म्हणून तेलही चांगले आहे असे नसते.

दुसरा विसरला जाणारा भाग म्हणजे १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी तीन-चारशे व्होल्टची असते आणि सुरक्षिततेसाठी गाडी बंद असताना ती जाड स्विचांनी, म्हणजे काँटॅक्टरनी, तोडलेली असते. हे काँटॅक्टर मिटवण्याचे काम छोटी बॅटरी करते. ती मेली की कणगी धान्याने भरलेली आणि घर उपाशी, अशी अवस्था होते. मोठी बॅटरी ९० टक्के, पण दार उघडत नाही. गाडी उभी असतानाही तिच्यातले काही भाग जागे असतात आणि छोट्या बॅटरीतून वीज घेत राहतात. म्हणून गाडी आठवड्यातून एकदा तरी चालू करावी आणि तीन-चार वर्षांनी ही बॅटरी कुरकुरायच्या आधीच तपासून घ्यावी.

टायरांची गोष्ट उलटी. बॅटरीमुळे गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलो जड होते आणि मोटरचा जोर पहिल्याच क्षणाला पूर्ण मिळतो, त्यामुळे टायर लवकर झिजतात. हवा कमी असेल तर झीज वाढतेच, शिवाय एका चार्जमध्ये जाणारे अंतरही घटते. आणि ज्या गावाच्या नावातच बाभूळ आहे, तिथल्या पांदणीतून जाताना काट्याचा विचार करावाच लागतो. काही विजेच्या गाड्यांत स्टेपनी नसते. घेतानाच ते पाहावे आणि नसेल तर पंक्चर काढण्याचा संच व हवेचा छोटा पंप गाडीत ठेवावा.

उंदरांचे नावही घेतले पाहिजे. सोयाबीनची कापणी झाली, कापूस घरात आला की शेतातले उंदीर गावाकडे वळतात आणि उभ्या गाडीचे बॉनेट त्यांना उबदार वाटते. कुरतडलेली वायर साध्या गाडीत टेप लावून जोडता येते. विजेच्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबलला मात्र कोणीही हात लावू नये, ना मालकाने, ना गावातल्या मेकॅनिकने. घरातली प्रत्यावर्ती वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला वाव असतो. एकदिश वीज शून्यावर येतच नाही. तिचा कंस एकदा पेटला की ओढत राहतो.

आग आणि पाणी

२०२२ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्या, त्यांतली एक पुण्यातली. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. दुचाकी-तीनचाकींसाठी एआयएस १५६ आणि मोटारींसाठी एआयएस ०३८ ही ती मानके, त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. जुनी किंवा सेकंडहँड गाडी घेताना ती या तारखेआधीची आहे की नंतरची, हे म्हणूनच पाहावे. मालकाच्या हातात असलेले उपाय साधे आहेत. गाडीचा तळ दगडावर जोरात घासला असेल तर दिसायला काही नसले तरी तो तपासून घ्यावा. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर ती चालू करून पाहू नये. बॅटरीच्या पेटाऱ्यावर आयपी ६७ लिहिलेले असते, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे एवढाच आहे. नाल्यावरच्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे.

विद्या कोणाकडे राहणार?

इथपर्यंतची निगा मालक स्वतः करू शकतो. पण दुरुस्तीचे काय? इथे इतिहास थोडा पाहू. विजेच्या मोटारी नव्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या शहरांत त्या मोठ्या संख्येने धावत होत्या आणि त्यांच्यासाठी खास गॅरेजे असत. तिथे गाडी रात्री सोडायची, ते ती चार्ज करत, धूत, बॅटरीत पाणी घालत आणि सकाळी परत देत. १९१२ मध्ये पेट्रोल गाडीला बटनस्टार्टर आला, पेट्रोल स्वस्त होते, आणि ती गॅरेजे मावळली. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाला बॅटरी-मोटरची जोड देण्याचे आणि पूर्ण विजेवरची रिक्षा घडवण्याचे प्रयोग केले. त्यांवरचा त्यांचा लेख २००२ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच सुमारास, २००१ साली, बंगळुरूची छोटी रेवा बाजारात आली होती. तिच्यात शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या आणि त्यांत शुद्ध पाणी वेळेवर भरावे लागे. या साऱ्या गाड्यांत एक गोष्ट समान होती : बॅटरी उघडी होती, माणसाला तिच्यात हात घालता येत होता. आजचा पेटारा मोहरबंद आहे आणि त्याची किल्ली संगणकात आहे.

बाभुळगावात विजेची गाडी बंद पडली तर ती आधी यवतमाळला, नाही तर अमरावती-नागपूरला न्यावी लागते. तीही दोरी बांधून नाही. चाके फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते, म्हणून चारही चाके वर घेणाऱ्या सपाट ट्रकवरूनच. तिथे तज्ज्ञ संगणक जोडतो आणि सांगतो, अमुक भाग बदला. भाग उघडून आत काय झाले ते पाहायची मुभा बहुधा त्यालाही नसते.

याच्या उलट चित्र आमच्याच बाजारपेठेत आहे. शेतपंपाच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकाने विदर्भातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात असतात. तिथला कारागीर तीन फेजचे वेटोळे हाताने भरतो. इन्सुलेशन खचले की नाही ते पाहायला त्याच्याकडे मेगर असतो. विजेच्या गाडीचा संगणक दर क्षणी जी इन्सुलेशनची चाचणी करतो, ती तत्त्वतः मेगरचीच चाचणी आहे. गाडीची मोटर तीन फेजचीच आहे. बेअरिंगचा आवाज तोच, ओल शिरल्याची लक्षणे तीच. पानठेल्यावर चिंता करणाऱ्या इंजिन मेकॅनिकला नवे शिकावे लागेल हे खरे, पण मेगरवाल्याला निम्मे आधीच येते. त्याला शिकवायचे ते उच्च व्होल्टेजची एकदिश वीज, रबरी हातमोजे, सर्व्हिस प्लग काढून ठरलेला वेळ थांबण्याची शिस्त, आणि निदान-संगणक वाचणे.

या दिशेने काही पावले पडली आहेत. विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आयटीआयसाठी तयार झाला आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे आणि वाहने ही दोन्ही क्षेत्रे घेतली आहेत. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. पण पुस्तिका, सुटे भाग आणि निदानाची साधने तालुक्याच्या कारागिरापर्यंत पोचत नाहीत, तोवर हक्क कागदावरच राहतो. माझी मागणी साधी आहे. पेटारा कोणीही उघडावा असे मी म्हणत नाही, तो धोकाच आहे. पण पेटाऱ्याबाहेरचे सारे, म्हणजे छोटी बॅटरी, ब्रेक, कूलंटचा पंप, चार्जिंगचे तोंड, वायरिंगचे जोड, हे तालुक्यात दुरुस्त व्हायला हवे आणि त्याची माहिती मराठीत मिळायला हवी. तसे झाले नाही तर विजेची गाडी खेड्यात फक्त ज्याला शंभर किलोमीटरवरची दुरुस्ती परवडते त्याचीच राहील.

वही आणि पंचांग

मालकाने एक वही ठेवावी. महिन्यातून एकदा, शक्यतो सारख्याच हवामानात, बॅटरी १० टक्क्यांवरून १०० टक्क्यांपर्यंत भरताना मीटरवर किती युनिट गेले ते लिहावे. ३० युनिटच्या बॅटरीत २७ युनिट जायला हवेत. वाटेतली गळती धरून मीटरवर तीस-एकतीस दिसतील. दोन वर्षांनी हाच आकडा हळूहळू घटताना दिसला तर तितकी धारणशक्ती कमी झाली. एकदम घसरला तर मात्र एखादा सेल आजारी असू शकतो. बॅटरीवर सामान्यतः आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते आणि वाद उभा राहिला तर आठवणीपेक्षा वही जास्त बोलते.

वर्षाचे वेळापत्रक आपल्या महिन्यांतच बसते. चैत्रात अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी आणि गाडीला सावली. ज्येष्ठात पावसाआधी वायपर, टायर आणि चार्जिंगच्या तोंडाचे रबर. श्रावणात ब्रेकचा गंज. आश्विन-कार्तिकात उंदीर, आणि पिकांची धूळ बसलेला एसीचा फिल्टर. पौषात, थंडीमुळे एका चार्जमध्ये जाणारे अंतर थोडे घटले तर घाबरू नये, ते माघ सरता सरता परत येते. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाला कामाला जुंपत नाही. गाडीला सुट्टी देण्याची गरज नाही, पण त्या दिवशी बॉनेट उघडून, सॉकेटला हात लावून, वहीची पाने चाळून पाहायला हरकत नाही. निगा ही माणसाच्या सवयीत असते, यंत्रात नसते. बैल गेले तरी ती सवय आपल्याकडे आहे, आणि विजेच्या गाडीला तिचीच गरज आहे.